माल एक नंबरचा, गाडी काट्यावरच उभी

प्रश्न आर्णी तालुक्यातल्या एका भाऊंचा आहे. वय ४८, कोरडवाहू शेती, लेक पुण्याला नोकरीला. दिवाळीत तो घरी आला आणि अंगणात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मोबाइलवर 'बिग स्टार' नावाचा अमेरिकन रॉक बँड लावला. भाऊ लिहितात, 'इंग्रजी मले कळत नाही, पण त्या राती झोप नाही आली. पोरगा म्हणे हे १९७२ चं आहे. म्हणजे माह्या जन्माच्या आधीचं. आमच्या घरी सकाळपासून रातीपर्यंत रेडिओ चालू राहे, मंग हे कधीच कसं लागलं नाही? आमचा रेडिओ कमी पडला का आमीच?' पुढे दोन पोटप्रश्न : आता या वयात ऐकायला सुरुवात कुठून करायची, आणि वडिलांचा जुना फिलिप्स माळ्यावर पडून आहे, त्यावर मोबाइलची गाणी वाजतील का?

मी तालुक्याच्या गावी ३४ वर्षं रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेट भरून देण्याचं दुकान चालवलं. माझ्या गिऱ्हाइकांच्या लेखी बँड दोनच. एक वरातीत वाजतो तो, आणि दुसरा रेडिओच्या बटणावरचा, मीडियम वेव्ह नाहीतर शॉर्ट वेव्ह. चार पोरं गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः रचतात त्यालाही बँड म्हणतात, हे समजवायला मला दरवेळी चहा मागवावा लागे. तेव्हा भाऊ, तुम्ही काही एकटे नाही.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे ते आधी काढून टाकू. तुम्हाला वाटतं की बिग स्टार तिकडे अमेरिकेत गाजला आणि आपल्यापर्यंत पोहोचला नाही. तसं नाही. तो तिकडेही पोहोचला नव्हता. मेम्फिस शहरातला एखादा शेतकरी असता तर त्यानंही तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असतं.

हा बँड १९७१ साली मेम्फिसमध्ये जमला. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स ही चार पोरं. यातला चिल्टन रेडिओला अजिबात नवा नव्हता. 'बॉक्स टॉप्स' नावाच्या आधीच्या बँडमध्ये सोळाव्या वर्षी त्यानं गायलेलं गाणं १९६७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्यांच्या आर्डेंट स्टुडिओच्या समोर 'बिग स्टार' नावाचं मोठं किराणा दुकान होतं, तेच नाव यांनी उचललं. आणि १९७२ मध्ये आलेल्या पहिल्याच अल्बमला नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'. पोरांचा आगाऊपणा बघा.

आता सन १९७२ म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक दुष्काळ, आणि दुसरी कापूस एकाधिकार खरेदी. बिग स्टारचं काय झालं ते मी तुम्हाला कापसाच्या भाषेतच सांगतो, कारण झालं नेमकं तेच. माल एक नंबरचा. वेचणी स्वच्छ, धागा लांब. समीक्षक म्हणजे आपले ग्रेडर समजा, त्यांनी बोट लावून सांगितलं की असा माल वर्षानुवर्षांत आला नाही. पण गाडी काट्यावरच उभी. उचलणारंच कोणी नाही.

उचलण्याचं काम होतं स्टॅक्स या कंपनीकडे. स्टॅक्स मोठी कंपनी, पण तिचा धंदा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचा. ओटिस रेडिंग, आयझॅक हेज हे तिचे गायक. तिच्या माणसांना कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली दुकानं तोंडपाठ, पण गोऱ्या पोरांच्या गिटारीच्या रेकॉर्डी कोणत्या दुकानात ठेवायच्या याचा अंदाज नाही. काही स्टेशनांनी रेकॉर्ड लावली. ऐकणारा दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, तर रेकॉर्डच नाही. दुकानात नाही म्हणून खप नाही, खप नाही म्हणून स्टेशननं गाणं यादीतून काढलं. त्याच सुमारास स्टॅक्सनं वितरण कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे दिलं. कोलंबियानं जुने छोटे वितरक बाजूला केले आणि स्वतःही या मालात लक्ष घातलं नाही. हा करार करणारे कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना मे १९७३ मध्ये कंपनीनं घरी बसवलं, मग तर वालीच उरला नाही. पहिल्या अल्बमच्या तेव्हा दहा हजार प्रतीही खपल्या नाहीत. ख्रिस बेल निराश होऊन बँड सोडून गेला. उरलेल्या तिघांनी १९७४ मध्ये दुसरा अल्बम काढला. त्याचं नाव काय ठेवावं? 'रेडिओ सिटी'. रेडिओनं ज्याला दारात उभं केलं नाही त्यानं हे नाव ठेवावं, याला मी तरी विनोदच म्हणतो. तोही तसाच गेला. तिसरा १९७४ मध्येच ध्वनिमुद्रित झाला, पण तो बाहेर यायला १९७८ उजाडलं. मधल्या काळात, १९७५ च्या शेवटी, स्टॅक्सचंच दिवाळं निघालं. १९७८ च्या डिसेंबरात ख्रिस बेल मोटार अपघातात गेला, वय २७.

मी हे इतकं लांबण लावून सांगतो आहे, कारण माझ्याकडे येणारे शिकले-सवरलेले लोक रॉक रेडिओवर न लागण्याचं एकच कारण सांगतात : गाणी लांब असतात. ते खरं आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. पुढे १९४८ मध्ये लाँगप्ले आला, वीस-बावीस मिनिटं एका बाजूला मावू लागली, तरी रेडिओची सवय तीन मिनिटांचीच राहिली. पण बिग स्टारची बहुतेक गाणी तीन-चार मिनिटांचीच आहेत. गोड चाल, स्वच्छ आवाज, शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. रेडिओसाठी बेतून शिवलेला सदराच तो. तरी अंगावर चढला नाही.

आणि उलट पाहा. कॅनडातल्या 'रश' नावाच्या बँडची एक रेकॉर्ड १९७४ मध्ये क्लीव्हलँडच्या एका स्टेशनवर आली. तिथल्या डोना हॅल्पर या बाईंनी त्यातलं सात मिनिटांचं गाणं लावलं. स्टेशनवर फोनची रांग लागली, आणि तेवढ्यावरून त्या बँडला अमेरिकेत कंपनी मिळाली. सात मिनिटांचं गाणं लागलं, तीन मिनिटांचं नाही लागलं. माझा अनुभव विचाराल तर रेडिओवर काय लागतं हे गाणं ठरवत नाही. ते हातात तबकडी असलेला माणूस आणि ती तबकडी त्याच्या हातापर्यंत आणणारी गाडी ठरवते.

आता आपल्या बाजूला या.

समजा, एखाद्या चमत्कारानं बिग स्टारची तबकडी नागपूर आकाशवाणीच्या लायब्ररीत येऊन पडली असती. लागली असती का? मला नाही वाटत, आणि त्याबद्दल मी स्टेशनला दोषही देत नाही. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे. ५८५ किलोहर्ट्झवर त्याचा आवाज तुमच्या आर्णीपर्यंत दिवसाढवळ्या खणखणीत येतो. त्या आवाजाचं काम काय होतं? बाजारभाव, हवामान, फवारणी कधी करायची, सकाळी भक्तिगीतं. कापसाचा भाव ऐकायला बसलेल्या माणसाला मध्येच मेम्फिसची गिटार ऐकवली असती तर त्यानं सेल काढून फेकले असते. माझ्या दुकानात मी असा प्रयोग करून पाहिला आहे. एका पोराची कॅसेट भरता भरता एक इंग्रजी गाणं मोठ्यानं लावलं, तर बाकावर बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, 'काय वाजवून राहिला बे हे? गाणं कधी सुरू व्हते?'

शिवाय आपल्या रेडिओचा स्वभाव मुळातच सोवळा. ज्या आकाशवाणीनं १९४० पासून सुमारे तीस वर्षं हार्मोनियमला स्टुडिओत पाय ठेवू दिला नाही, ती इलेक्ट्रिक गिटारीला पाट मांडून बसवणार होती का? आपल्याकडे पेटीशिवाय भजनी मंडळाचं पान हलत नाही, आणि तीच पेटी परदेशी वाद्य म्हणून बाहेर! पुढे १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीतालाही आखडतं घेतलं. मग लोकांनी काय केलं? सुई शॉर्ट वेव्हवर सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५७ मध्ये विविध भारती निघाली ती ही गळती थांबवायला. म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्याला जिथं एवढी लढाई करावी लागली तिथं रॉकचा नंबर कुठे लागायचा. मुंबई-दिल्लीकडे इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम होते, युववाणीतही काही लागे. पण ते त्या शहरांपुरतं. आपल्या वाट्याला उरलं शॉर्ट वेव्ह.

शॉर्ट वेव्ह म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून कळत नाही. छपरावर दोन बांबू, मध्ये जाळीची पट्टी ताणलेली, तिची तार खिडकीतून आत. दुसरी तार न्हाणीच्या ओलीत गाडलेल्या सळईला. रात्र झाली की लांबची स्टेशनं उठून दिसत, कारण हे तरंग आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात. आणि तो थर काही सिमेंटचा स्लॅब नाही, तो हलतो. म्हणून आवाज लाटेसारखा वर येतो, खाली जातो. गावात मोटारी चालू असल्या की खरखर. भारनियमनाच्या रात्री मात्र सेलवरचा रेडिओ असा स्वच्छ लागे की वाटे, वीज गेलेलीच बरी. वीज मंडळाचे उपकार मानावेत असा तेवढाच एक प्रसंग.

अशाच एका रात्री, १९८६ च्या हिवाळ्यात, एकतीस मीटरवर कोणत्या तरी इंग्रजी स्टेशनवर मला अर्धं गाणं सापडलं. त्यात एक सूर सुरुवातीपासून धरलेला होता. तंबोरा आहे म्हणावं तर तंबोरा नाही, सारंगी म्हणावी तर सारंगी नाही, पण घासणारं काहीतरी, आणि त्यावर एक माणूस गाण्याऐवजी जवळजवळ बोलत होता. मी कानाला रेडिओ लावून बसलो. गाणं संपलं, निवेदकानं नाव घेतलं आणि नेमका त्याच क्षणी आवाज बुडाला. परत वर आला तेव्हा बातम्या सुरू. झालं.

तीस वर्षं तो सूर माझ्या डोक्यात राहिला. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या कॅसेटी मी किती चाळल्या असतील! नाव माहीत नाही, बँड माहीत नाही, मागायचं काय? एका दुकानदाराला मी तो सूर नाकातून काढून दाखवला तर तो म्हणाला, 'काका, डासाची कॅसेट नाही येत.' शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला. पुतण्या रात्रंदिवस काहीबाही लावत बसायचा, त्यात एक दिवस तो सूर वाजला. 'वेल्व्हेट अंडरग्राउंड', न्यूयॉर्कचा बँड, १९६७ चा पहिला अल्बम. तो सूर व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीचा, वायोलाचा, आणि वाजवणारा जॉन केल. त्या अल्बमच्या वेष्टनावर अँडी वॉरहॉल या चित्रकारानं नुसतं एक केळं काढलं आहे. नागपूरचा बँड असता तर संत्रं आलं असतं. नशापाण्यावरची गाणी असल्यामुळे तिकडच्या स्टेशनांनीही त्याला हात लावला नव्हता. म्हणजे न्यूयॉर्कच्या माणसाला घरच्या रेडिओवर जे मिळालं नाही, ते मला अर्धं का होईना, बांबूच्या एरियलवर मिळालं होतं.

रेडिओवर गाणं लागूनही बँड न कळण्याचा प्रकार आपल्याकडे घडला आहे. २००६ मध्ये 'गँगस्टर' सिनेमातलं 'भीगी भीगी' मी सीडीत किती जणांना भरून दिलं असेल त्याचा हिशोब नाही. ते मूळ कोलकात्याच्या 'मोहीनेर घोडागुली' या बँडच्या बंगाली गाण्यावरून घेतलेलं. हा बँड १९७५ चा. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मंडळींनी १९७७ ते १९७९ मध्ये तीन छोट्या रेकॉर्डी काढल्या, कोणी विचारलं नाही, बँड फुटला. गौतमबाबू १९९९ मध्ये वारले. त्यानंतर सात वर्षांनी त्यांची चाल यवतमाळच्या ऑटोरिक्षात वाजत होती आणि नाव कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, कबूल करतो.

खाजगी एफएमनं हे बदलेल असं वाटलं होतं. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं सुरू झालं, पुढे नागपूरलाही आलं. पण एफएमचा तरंग नाकासमोर जाणारा, पन्नास-साठ किलोमीटरनंतर तो थकतो. नागपूरचं एफएम आर्णीला काय कामाचं? आणि जिथं लागतं तिथं तरी काय, मोजकीच हिंदी गाणी फिरून फिरून. त्यावर जास्त लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही.

आता सुरुवात कुठून करायची ते. पोरानं तुम्हाला कोणता अल्बम ऐकवला हे तुम्ही लिहिलं नाही, पण १९७२ म्हणता म्हणजे पहिलाच. तोच पुन्हा लावा, आणि गाणी सुटी सुटी नको, आहेत त्या क्रमानं. कॅसेटच्या बी साइडसारखा त्याचा उत्तरार्ध हळू होत जातो, ते क्रमानं ऐकल्यावरच कळतं. मग 'रेडिओ सिटी'. तो जास्त खडबडीत आहे, ढोलकीवाला ठेका सोडून पळतो की काय असं वाटतं आणि परत येतो. माझा आवडता तोच. तिसरा मात्र लगेच नको. तो मोडलेल्या माणसानं केलेला अल्बम आहे, एकट्यानं रात्री ऐकाल तर सोयाबीन काढणीच्या दिवसांत कामाला उठवणार नाही. शब्द कळत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ऐन तारुण्यातली पोरं आहेत, प्रेम, रस्त्यावर भटकणं, असलंच काही म्हणतात. लेकाला फोनवर विचारा, तेवढंच बोलणं होईल.

एवढं पचलं की दिल्लीचा 'इंडियन ओशन' ऐका. यांचीही गाणी आपल्या रेडिओवर फारशी लागली नाहीत, पण भाषा आपल्या ओळखीची आहे. २००० सालचा 'कंदिसा' घ्या. त्यात नर्मदेवरचं एक गाणं आहे. त्यांचा बास गिटारवाला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस, त्यामुळे ते गाणं नदी दुरून पाहून केलेलं नाही. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या काळातलं आधी ऐका.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका ही हात जोडून विनंती. त्या टिचभर स्पीकरमधून खर्जाचा आवाज येतच नाही. अँडी हमेलचा बास गिटार तुम्ही अजून ऐकलेलाच नाही असं समजा. रेडिओवर उलटं व्हायचं. मीडियम वेव्हच्या सेटमधून साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं काही येत नसे, त्यामुळे झांजा आणि तारेची किणकिण तिथंच मरे. बिग स्टारचा सगळा जीव त्या किणकिणीत आहे. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या रेडिओवर १९८० मध्ये तो लागला असता, तरी त्या राती झोप उडाली असती की नाही, मला शंका आहे. कानात घालायचे साधे वायरचे हेडफोन आणा, तेवढे पुरतात.

राहिला फिलिप्स. भंगारवाल्याला देऊ नका, पण प्लगही लगेच खोसू नका. आधी मागचा पुठ्ठा उघडून पाहा. आत काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह दिसले तर मोबाइलची वायर त्याला अजिबात जोडायची नाही. त्यातले काही सेट एसी-डीसी दोन्हींवर चालणारे असत, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी सांगाड्यातच करंट खेळतो. मोबाइल तर जाईलच, हातही जाईल. माझ्या हाताखालच्या एका पोराला अशा सेटनं बाकावरून खाली पाडलेलं मी पाहिलं आहे. शिवाय बंद ठेवलेल्या सेटच्या कंडेन्सरमध्येही करंट साठून असतो, त्यामुळे प्लग काढला म्हणून हात घालू नका. असा सेट एखाद्या जुन्या मेकॅनिकलाच दाखवा.

आत व्हॉल्व्ह नसून ट्रान्झिस्टर असतील आणि सेट सेलवर चालणारा असेल तर काम सोपं आहे. आवाजाच्या बटणाला आतून तीन पाय असतात. त्यातला एक कडेचा पाय अर्थिंगचा, दुसऱ्या कडेच्या पायावर स्टेशनचा आवाज येतो. मोबाइलच्या डाव्या आणि उजव्या वायरला प्रत्येकी एक हजार ओहमचा रेझिस्टर लावायचा, दोन्ही टोकं एकत्र करून एक मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून त्या दुसऱ्या पायावर डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं, आणि मोबाइलची अर्थिंगची वायर अर्थिंगच्या पायाला. सुई दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवायची म्हणजे मागून बाजारभाव ऐकू येणार नाहीत. डाग देताना सेल काढून ठेवा, आणि मोबाइलचा आवाज आधी अगदी कमी ठेवून मग वाढवा.